सरळ रस्त्याची भुरळ

नागपूरच्या बाईला मुंबई किती लांब आहे असं विचारलं, तर ती किलोमीटर सांगत नसे. "एक रात्र" म्हणे. रात्री गाडीत बसायचं, सकाळी उतरायचं. समृद्धी महामार्गाने हा हिशेबच बदलून टाकला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पूर्ण झाला. दहा जिल्हे आणि ३९० गावं यांच्यामधून जाणारा सहा पदरी रस्ता. आता सकाळी निघालेली माणसं संध्याकाळी लेकीच्या घरी चहा घेतात. कौतुक आहेच. पण मैत्रिणींनो, या रस्त्याचा स्वभाव ओळखूनच त्यावर निघायला हवं.

आधी चांगलं सांगते. शिवमडक्याहून गाडी निघाली की थोड्याच वेळात शहर मागे पडतं. मग दोन्ही बाजूंना आपली काळी माती, कपाशी, तूर, सोयाबीन. फाल्गुनात गेलात तर शेताच्या बांधावर पळस असा पेटलेला दिसतो की बघत राहावं. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, पुढे कारंजा. मालेगाव-मेहकरकडे सपाट जमीन सरते आणि उघड्या टेकड्या सुरू होतात. मेहकरला खाली उतरलं तर लोणारचं सरोवर जवळ. पुढे जिजाऊंचं सिंदखेड राजा. आणि पार शेवटी, इगतपुरीला, सह्याद्रीच्या पोटातून जाणारा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. काही ठिकाणी रस्त्यावरून हिरवे पूल गेलेले दिसतात. ते हरणांसारख्या वन्य प्राण्यांना पलीकडे जाता यावं म्हणून बांधलेत.

पण या देखाव्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे माणूस! जुन्या रस्त्याने जाताना दर दहा-पंधरा किलोमीटरवर गाव लागायचं. चहाची टपरी, एसटीचा थांबा, मध्येच आडवी आलेली बैलगाडी. वैताग यायचा, पण ड्रायव्हर जागा राहायचा. इथे दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, दोन्हीकडे कुंपण. सरळ पांढरा सिमेंटचा पट्टा आणि एकाच सुरात चालणारं इंजिन. अशा वेळी डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पण मन गुंगीत जातं. याला 'हायवे हिप्नॉसिस' म्हणतात. म्हणजे रस्त्याची भुरळच ती! आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या अभ्यासकांनी समृद्धीवरच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनीही या एकसुरीपणाकडे बोट दाखवलं.

हिशेब करून बघा. मोटारीला इथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे एका सेकंदाला ३३ मीटर. ड्रायव्हरला नुसती चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सव्वाशे मीटरहून जास्त अंतर आंधळी धावते.

१ जुलै २०२३ ची पहाट नागपूर-विदर्भातली कुठलीच आई विसरणार नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ उलटली, पेटली आणि २५ जण गेले. बहुतेक प्रवासी झोपेत होते. बस दाराच्या बाजूवर पडली, म्हणून दार उघडलंच नाही. जे थोडे वाचले ते काच फोडून निघाले. आपल्या घराघरांतली मुलं पुण्याला शिकतात, नोकरी करतात. रात्री त्यांना ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बसवताना आपण डब्यात काय दिलं ते दोनदा विचारतो. ड्रायव्हर दोन आहेत का, संकटकाळी बाहेर पडायचं दार आणि काच फोडायची हातोडी कुठे आहे, हे एकदा तरी विचारतो का? ते विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दुसरी गोष्ट टायरची. विदर्भाचा उन्हाळा, तापलेलं सिमेंट आणि तासन्‌तास एकच वेग. यात जुनं, गुळगुळीत झालेलं टायर फुटायला वेळ लागत नाही. हवा कमी असली तर टायर आणखी तापतं. म्हणून निघण्याआधी, टायर थंड असतानाच हवा तपासायची, स्टेपनीचीसुद्धा. २०२३ मध्ये अपघात वाढल्यावर आरटीओने टायर तपासून खराब टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती. ते काम घरातूनच झालेलं काय वाईट?

आता आपल्या बायकांच्या खास अडचणीबद्दल बोलते. रस्ता सुरू झाला तेव्हा लांबच लांब अंतरात ना हॉटेल, ना स्वच्छतागृह. पुढे पेट्रोल पंप झाले, पण जुन्या रस्त्यासारखी दर वळणावर सोय इथे नाहीच. मग बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. आमच्या बचत गटाच्या बायका जिजाऊंच्या दर्शनाला सिंदखेड राजाला निघाल्या, तेव्हा निम्म्याजणी सकाळपासून कोरड्या होत्या. एकीला वाटेत चक्कर आली. मी ड्रायव्हरदादांना सरळ सांगितलं, दर दोन तासांनी पंपावर थांबायचंच. ते हसले, म्हणाले, "ताई, माझंही भलं होईल." आणि झालंच. बायका मोकळ्या झाल्या, त्यांनी तोंडावर पाणी मारलं, दशम्या खाल्ल्या. एका थांब्यात दोन्ही कामं. मात्र गाडी कडेला लावून उतरणं नको. भरधाव वाहन मागून येऊन धडकतं. थांबायचं ते पंपावर, नाहीतर इंटरचेंजने खाली उतरून.

निर्मनुष्य रस्ते जगात इतरत्रही आहेत. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या वाळवंटातून १९७३ मध्ये पूर्ण झालेला एक महामार्ग जातो. त्याच्या मधल्या टप्प्यात तीनशेहून अधिक किलोमीटर नेमाने चालणारा पंपच लागत नाही. कुणीतरी पिंपातून पेट्रोल विकतं. आजूबाजूला माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग. तिथे 'हिरवे देवदूत' नावाचं सरकारी मदत पथक हिरव्या गाड्यांतून फिरतं. पण तिथले जाणते प्रवासी त्यांच्या भरवशावर राहत नाहीत. टाकी भरून, पाणी घेऊन, उजेडातच निघतात. आपणही तेच करावं.

पहाटे निघावं. मुंबईकडे जाताना सकाळी सूर्य पाठीशी असतो, दुपारनंतर डोळ्यांवर येतो. मागच्या सीटवरही पट्टा लावायचा, साडी चुरगळली तरी चालेल. चालवणाऱ्याच्या शेजारी बसणारीने झोपायचं नाही. जांभया वाढल्या, गाडी पट्टा सोडू लागली की थांबवायचं आणि चालवणाऱ्याला पंधरा-वीस मिनिटं झोपू द्यायचं. चहाने झोप मोडत नाही, नुसती पुढे ढकलली जाते. ११२ आणि १०८ हे नंबर लेकरांनाही पाठ असू द्या.

आणि एक. मुलगा गाडी चालवत असताना दर अर्ध्या तासाने "कुठवर आलास?" असा फोन करायची आपली सवय मोडायला हवी. त्यापेक्षा निघतानाच विचारून ठेवा, "पहिल्यांदा कुठे थांबणार?" तिथून त्याचा फोन येईल. तोवर आपण आपल्या कामाला लागावं.