जुनी स्पोर्ट्स गाडी घेताना : आधी कागद, मग बॉनेट

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला आणि चहा व्हायच्या आत मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, गोव्यात एक सॅन स्टॉर्म विकायला आहे. दोन सीटची, टप उघडणारी. घेऊ का?" पाच वर्षांच्या नोकरीत साठवलेले सगळे पैसे तो त्यात घालणार होता. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, नोकरीची बरीच वर्षे कर्ज विभागात गेली. मला गाडी कमी दिसते, तिचे कागद जास्त दिसतात. त्याला जे सांगितले ते इतर तरुण सभासदांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आपल्याकडे 'जुनी स्पोर्ट्स गाडी' म्हणून जे विकले जाते त्यात तीन जाती आहेत. पहिली, साध्या गाडीतली तेज आवृत्ती. २००० साली आलेली होंडा सिटी व्हीटेक किंवा २००१ ची फियाट पॅलिओ १.६ ही त्यातली. दुसरी, परदेशी बनावटीची, म्हणजे जुनी झेड-फोर, एसएलके वगैरे. ही नव्या मारुतीच्या किमतीत मिळते, पण तिचे सुटे भाग तिच्या मूळ किमतीच्या हिशेबानेच येतात आणि ती हुबळीत बंद पडली तर बेंगळुरूपर्यंत चारशे किलोमीटर ट्रकवर न्यावी लागते. तिसरी जात म्हणजे आपली सॅन स्टॉर्म. १९९८ साली आलेली, गोव्यात बनलेली ही गाडी. हिचे अंग फायबरचे आणि इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे, युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या साध्या गाड्यांना असायचे तेच. म्हणजे दिसायला स्पोर्ट्स, पळायला बेताची. मला विचाराल तर ते बरेच आहे.

आता कागद. आरसीवर हायपोथिकेशनची नोंद आहे का ते प्रथम पाहावे. 'कर्ज केव्हाच फिटले, नोंद तेवढी राहिली' असे विकणारा म्हणतो. खरेही असेल, पण बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नये. आमच्या शाखेत एकदा एक गृहस्थ आले होते. गाडी रोखीने घेतलेली, सहा महिने फिरवलेली, आणि एके सकाळी वसुलीवाले दारातून ओढून घेऊन गेले. मूळ मालकाचा फोन बंद. त्यांच्याकडे शंभराच्या स्टॅम्पपेपरवरचा करार होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर घातला की कर्ज, विमा, नोंदणीची मुदत हे सगळे दिसते. पाच मिनिटांचे काम.

चासी नंबर आरसीवरून वाचून समाधान मानू नका. गाडीवरच्या कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटते, ती आरसीशी ताडून पाहा. आम्ही कर्ज देताना हेच करत होतो. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा असतील तर सरळ घरी यावे.

गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी लागते, हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातल्या खरेदीची नोंद ४५ दिवसांत कळवायची असते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवायची तर केए-२५ किंवा केए-६३ चा नंबर घ्यावा लागतो आणि कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. हा कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. तो किती येईल हे आरटीओत आधी विचारून मगच गोव्याच्या मालकाशी भाव करावा. पुष्कळ जण उलटे करतात. दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचेही असेच. तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधने आहेत म्हणून त्या स्वस्त दिसतात, इथला कर धरला की स्वस्ताई आटते.

पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. २०२२ पासून त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. मुदत संपलेली गाडी घेतलीत तर हे सगळे तुमच्या डोक्यावर.

विम्यात एक बारीक गोष्ट आहे. क्लेमच्या वेळी फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात. फायबरच्या गाडीला ठोकर लागली तर खिशातून किती जाईल ते यावरून काढा. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात, तेव्हा घासाघीस करावी. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस मात्र तुम्हाला मिळत नाही.

यंत्राबद्दल मी अधिकाराने बोलणार नाही, गोकुळ रोडवरच्या माझ्या जुन्या मेकॅनिकचे ऐकून सांगतो. फायबर गंजत नाही, पण खालची चौकट लोखंडी. गोव्याची खारी हवा तिथे काम करते, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय बोलणी नकोत. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचे बिल मागावे, बिल नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करावा. रबरी पेट्रोल नळ्या बदलून घ्याव्यात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुने रबर त्यासाठी बनलेले नव्हते. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारे झालेले असते. कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर २०१९ च्या पुराची आठवण ठेवून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, चिखलाचा डाग तिथे राहतो. आणि कापडी टपावर बादलीभर पाणी ओता. धारवाडचा पाऊस काय असतो हे मी सांगायला नको.

दहा वर्षांवरच्या गाडीला बँका सहसा वाहनकर्ज देत नाहीत, मग पोरे पर्सनल लोन काढतात. ते करू नये. किमतीच्या निदान तिसरा हिस्सा रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येत असेल तरच या वाटेला जावे. भाच्याला हे पटले नाही, पण त्याने हिशेब केला आणि देऊ केलेला भाव बराच खाली आणला.

टोकन अजून दिलेले नाही. आरसीवर एका पतसंस्थेची नोंद निघाली आहे, मालक दाखला आणतो म्हणाला आहे. तो आला की आम्ही दोघे मेकॅनिकला घेऊन गोव्याला जाणार. सौदा झालाच तर ते दोघे त्या गाडीने येतील आणि मी माझ्या अल्टोने एकटाच मागे, अनमोड घाट चढत.