शिवराईला ओरखडाही न काढता तिच्या पोटात काय आहे, हे कळू शकतं का?

महाड तालुक्यातल्या रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही स्वराज्याची नाणी. पण जुन्या नाण्यात आत नेमका कोणता धातू आहे, हे कसं ओळखायचं? नेहमीची एक्स-रे तपासणी वरच्या थरापुरतीच चालते आणि तिथे तर गंज चढलेला असतो. खरवडलं, तर नाणं कायमचं बिघडतं.

इथे म्युऑन कामी येतो. हा कण इलेक्ट्रॉनसारखाच, पण सुमारे २०७ पट जड. महाड-पोलादपूरमध्येही आकाशातून तो सतत बरसत असतो. पण तपासणीला तेवढे म्युऑन पुरत नाहीत. त्यासाठी प्रवेगक यंत्रातून ऋण म्युऑनचा झोत सोडावा लागतो.

नाण्यात थांबलेला म्युऑन अणूत अडकतो आणि केंद्रकाकडे पायरी-पायरीने उतरताना एक्स-रे सोडतो. हे किरण नेहमीच्या एक्स-रेपेक्षा सुमारे २०० पट ऊर्जेचे, म्हणून आतूनही बाहेर पडतात. तांबं, चांदी, सोनं, प्रत्येकाची ऊर्जा वेगळी. ती मोजली की धातू कळतो. केंद्रकाने म्युऑन गिळला, तर गॅमा किरणही निघतात. झोताचा जोर बदलून हव्या त्या खोलीवर तपासता येतं.

ब्रिटनमधल्या आयसिस केंद्रात तिबेरियस, हेड्रियन आणि ज्युलियन या रोमन सम्राटांची सोन्याची नाणी अशीच तपासली गेली. नाण्यांवर एकही ओरखडा न काढता!