चुंबकाचा गारवा

मे महिन्यात निलंग्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. भौतिकशास्त्रज्ञांना हा कॉम्प्रेसरच नको आहे! गॅडोलिनियम धातू चुंबकी क्षेत्रात नेला की तापतो. २ टेस्लाला सुमारे ५ अंशांनी. ती उष्णता पाण्याने काढून घ्यायची, मग चुंबक दूर करायचा, की धातू आधीपेक्षा गार. याच तत्त्वावर विल्यम जिओक १९३३ मध्ये निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पाव अंशापर्यंत पोहोचले. अडचण गॅडोलिनियमच्या किमतीची. म्हणून लॅन्थनम-मँगनीजची ऑक्साइड तपासली जातात: भुकटी खलात घोटायची, भट्टीत हजार अंशांच्या वर भाजायची. चुंबकी क्षेत्रात त्यांचा विद्युतरोधही बदलतो, त्यामुळे ती सेन्सरलाही चालतात. घरगुती चुंबकी फ्रीज मात्र दुकानांत अजून सर्रास मिळत नाही.