पेठ, उपनगर व गुंठेवारी

मूळ नगराहून वेगळे, परंतु त्याच्या आश्रयाने असणारे जे पुर त्यास अमरकोशाच्या पुरवर्गात ‘शाखानगर’ अशी संज्ञा आहे. संज्ञा अन्वर्थक आहे. शाखा वृक्षास धरून असते आणि मुळाने शोषिलेले पाणी तीपर्यंत पोचते. हल्ली रूढ झालेल्या ‘उपनगर’ या शब्दातील ‘उप’ने केवळ सामीप्य सूचित होते, संबंध सूचित होत नाही. गेल्या पन्नास वर्षांत पुण्याभोवती जी वस्ती पसरली तीस या दोहोंपैकी कोणते नाव साजेल, याचा विचार पुण्याच्याच जुन्या पेठांच्या इतिहासावरून करण्याचे आम्ही योजिले आहे.

कौटिल्याने जनपदनिवेशाच्या प्रकरणी वस्तीसाठी माणसे दोन मार्गांनी आणावी असे सांगितले आहे : एक तर परमुलखातून ओढून घेऊन, अथवा स्वदेशातील दाट वस्तीचा अतिरेक बाहेर काढून. या अतिरेकास त्याने योजिलेला ‘अभिष्यन्द’ हा शब्द वैद्यकातही येतो व फाजील स्राव असा त्याचा अर्थ आहे. नव्याने वसणाऱ्यांस धान्य, गुरे व द्रव्य पुरवावे आणि त्यांनी ते सवडीने परत करावे, असेही तेथेच म्हटले आहे. मराठी राज्यातील कौलाची रीत या शास्त्राधारे निघाली असे विधान करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. तथापि दोहोंतील विचार एकाच जातीचा आहे हे उघड आहे.

पुण्याचा मूळ गाव म्हणजे कसबा. इ. स. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवाने तो उद्ध्वस्त केला व पुढे जिजाबाई आणि दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली तो पुनः वसला. इ. स. १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेल्यावर शिलेदार, कारकून, सावकार, भिक्षुक व कारागीर यांचा ओघ पुण्याकडे लागला. या ओघास जागा देण्यासाठी एकामागून एक पेठा वसविल्या गेल्या. शुक्रवार पेठ, जिचे पूर्वीचे नाव विसापूर, ती जिवाजीपंत खासगीवाले यांनी वसविली. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत नायगावच्या जागी भाऊसाहेबांच्या स्मरणार्थ सदाशिव पेठ झाली. शिवपुरी ती रास्त्यांची पेठ, आणि हनुमान पेठ ती नाना फडणिसांच्या नावाने नाना पेठ म्हणून प्रसिद्धीस आली.

पेठ ‘वसविली’ म्हणजे नेमके काय केले, इकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. नुसती जमीन आखून दिल्याने पेठ होत नसे. सरकारातून कौल दिला जाई. त्यान्वये नव्याने येणाऱ्या उदम्यांस व कारागिरांस ठराविक वर्षेपर्यंत जकात, मोहतर्फा इत्यादी करांची माफी अथवा सूट मिळे. वस्ती करविण्याचे काम अंगावर घेणाऱ्यास शेटेपण वतन मिळे व त्याच्या जोडीस महाजन असे. दुकानादुकानामागे मिळणारे हक्क आणि मानपान हीच त्यांची प्राप्ती. घरांच्या व जागांच्या खरेदीविक्रीची नोंद, रस्त्यांवरील देखरेख आणि राहणाऱ्यांची गणती ही कामे कोतवालाकडे असत. सर्व मर्म आमच्या मते शेट्याच्या वतनात आहे. पेठ भरली, बाजार चालला, माणसे टिकली, तरच त्याचा हक्क पदरात पडे. पेठ ओस पडल्यास वतनाचा कागद घरात असून नसून सारखाच. म्हणजे वसविणाऱ्याचा लाभ वस्तीच्या पुढील आयुष्याशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला होता.

पाण्याची सोय नेहमी वस्तीच्या आधीच होई असे मात्र नव्हे. प्रारंभीच्या पेठा आडांवर व नदीवर भागवीत. इ. स. १७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजास तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत नळाने, केवळ उताराच्या बळावर, कित्येक मैल शहरात आणिले आणि ठिकठिकाणच्या हौदांतून ते लोकांस मिळू लागले. त्याच कारकीर्दीत पर्वतीच्या पायथ्याशी तळे करून आंबील ओढ्याचा प्रवाह वळविण्यात आला. ओढ्यासाठी वाट ठेवूनच वस्ती वाढली, ही गोष्ट लहान नव्हे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्यास पूर येऊन त्याच्या काठच्या वस्त्यांत अनेकांचे प्राण गेले.

पेठांचे गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. कोणास कोठे जागा मिळावी हे तेथे जातीवरून ठरे, आणि अस्पृश्य मानिलेल्यांची वस्ती कडेलाच असे. पुढे एकेका वाड्यात बिऱ्हाडांवर बिऱ्हाडे भरली, त्याचा परिणाम १८९७ च्या प्लेगात भोगावा लागला.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. १९४७ साली मुंबई प्रांतात दोन कायदे झाले. दोहोंचे हेतू स्तुत्य होते. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने भाडेकरूस निर्धास्त केले. पण भाडे गोठल्यामुळे वाड्यांची डागडुजी थांबली आणि नवीन बिऱ्हाड ठेवण्यास मालक नाखूष झाला. दुसऱ्या कायद्याने शेतजमिनीचे ठराविक प्रमाणाहून लहान तुकडे पाडून विकण्यास बंदी केली, ती शेती टिकावी म्हणून. पहिल्याने शहरातील दार लोटले, दुसऱ्याने शहराबाहेरचे. मधल्या काळात माणसे येतच राहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठची हजारो कुटुंबे बेघर झाली. पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले, पुढे हिंजवडीस संगणकाचा धंदा आला. २००१ च्या खानेसुमारीत पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २५ लाखांवर माणसे होती. २०११ मध्ये ती ३१ लाखांवर गेली, आणि पिंपरी-चिंचवडसह साऱ्या नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाखांवर भरली.

या अभिष्यन्दाने स्वतःच जी वाट काढली तीच गुंठेवारी. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा, ३३ फूट लांब व तितकाच रुंद, १०८९ चौरस फुटांचा. शेताचा मालक अथवा त्याच्याकडून जमीन घेणारा मध्यस्थ गुंठ्यागुंठ्याने जागा विकतो. तुकड्याची स्वतंत्र नोंद होत नसल्याने कित्येक खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक म्हणून चढतात. कित्येकांजवळ साध्या कागदावरील करारापलीकडे काहीच नसते. रस्ता जितका अरुंद ठेवावा तितके गुंठे अधिक निघतात. शेवटचा गुंठा विकला गेला की विक्रेत्याचा त्या वस्तीशी संबंध संपतो. शेट्याची प्राप्ती जेथे सुरू होई तेथे याची पुरी होते. घेणारास मात्र दोष देता येत नाही. नोकरीच्या ठिकाणापासून दोन कोसांच्या आत छप्पर मिळण्याचा दुसरा मार्ग त्याच्या ऐपतीत नव्हता.

वस्ती झाल्यावर शासन येते. २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेत घेण्यात आली. कराची आकारणी सुरू झाली, पण अनेक ठिकाणी पाणी टँकरनेच येत राहिले. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला व तो त्या वर्षारंभापूर्वीच्या वस्त्यांपुरता होता. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवावी लागली. शुल्क भरून घर नियमित होऊ शकते. आगीचा बंब आत यावा इतक्या रुंदीच्या रस्त्यासाठी मात्र तेथे एक गुंठाही शिल्लक राहिलेला नसतो.