तोतया यादी

भाऊसाहेबांचा तोतया आपल्याला इतिहासात भेटतो. मला तो एका अर्जात भेटला!

अर्ज शिष्यवृत्तीचा, संगणकावर भरायचा आणि मुदत संपायला दोनच दिवस. जिल्हा निवडता येई, पण तालुक्याची यादी कोरीच. नाशिक घ्या, सातारा घ्या, तालुका म्हणून नाही. आणि तालुका भरल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नाही. दुरुस्तीचे काम माझ्याकडे आले.

अशा याद्या ब्राउझर स्वतःच्या पद्धतीने काढतो. पानाला रंगरूप देणाऱ्या सीएसएसची कल्पना हॉकोन ली यांनी १९९४ साली मांडली. पण उलगडणाऱ्या यादीपुढे तिची मात्रा फारशी चालेना. मग हौशी मंडळींनी जावास्क्रिप्टचे प्लगइन काढले. ते खरी यादी पडद्याआड बसविते आणि तिची नटवी नक्कल पुढे उभी करते. आपण नकलेवर टिचकी मारायची, नकलेने आत जाऊन खरीला सांगायचे, असा हा मामला.

मी ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीतून आत डोकावलो. तक्रार कसलीच नव्हती. पडद्याआडच्या यादीत तर सारे तालुके शहाण्यासारखे ओळीने बसलेले! गोम अशी, की नक्कल तयार होते ती पान उघडताना, एकदाच. तालुके येतात जिल्हा निवडल्यावर. ते आल्याची वर्दी तोतयाला कोणी दिलीच नव्हती. वर्दीची एक ओळ लिहिली आणि तालुके हजर झाले.

संध्याकाळी एका दृष्टिहीन विद्यार्थिनीचा फोन आला. पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या मदतीने ती अर्ज भरीत होती. म्हणाली, "काका, नाव झालं, पत्ता झाला, की एकदम पिनकोड! जिल्हा विचारतच नाही."

बरोबरच होते. खरी यादी लपविलेली, म्हणून ती वाचली जात नव्हती. आणि नक्कल म्हणजे नुसती रंगीत चौकट, टॅबची कळ तिच्यापाशी थांबतच नव्हती. इथे ओळभर मलमपट्टी पुरण्यासारखी नव्हती. मी प्लगइनच काढून टाकले, खऱ्या यादीला सीएसएसने साधी किनार व रंग दिला. रात्री नऊला त्या मुलीचा अर्ज पोहोचला.

"जरा साधं दिसतंय," संस्थेचे व्यवस्थापक म्हणाले. सजावटीची हौस वाईट नव्हे. दिवाळी अंकात बसून ती मी कोणत्या तोंडाने नावे ठेवू? २०२५ साली क्रोमच्या १३५व्या आवृत्तीत खऱ्या यादीलाच नटविण्याची सोय आली. ज्या ब्राउझरात ती सोय नाही, तिथे यादी आपल्या घरच्या कपड्यांत येते, पण काम करते.