संगणकाचा गाभा आपल्या हाताने
आमच्या सोनाळ्यातली मुले संगणक चालवायला शिकतात, पण त्याच्या पोटात फारसे कुणी डोकावत नाही, ही आम्हाला चुटपुट आहे. प्रोसेसर आणि मेमरी कुणी किती वापरायची हे ठरवतो तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल. पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकने परम महासंगणकासाठी 'पारस' नावाचा स्वतःचा छोटा गाभा रचला. अनेक प्रोसेसरांमधली निरोपांची ने-आण झटपट व्हावी म्हणून गाभ्यात मोजकीच कामे ठेवली, बाकीची बाहेर काढली.

जुन्या साध्या संगणकावरही असे काही करता येते. १९९१ साली आलेल्या लिनक्सचा गाभा फुकट मिळतो, उघडून बदलता येतो. नको ते भाग वगळले की थोडी मेमरी वाचते. बैलगाडीची आगगाडी मात्र होत नाही! आधी वेळ मोजा, बदलानंतर पुन्हा मोजा. आणि जुना गाभा पुसू नका. नवा अडला तर संगणक त्यावरच सुरू करता येईल.