पोटातली कळ अंगावर काढू नका
मुरडा आला की ओवा-हिंग घ्यायचे आणि ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणायचे, हे आपल्याकडे ठरलेले! तीन महिने दर आठवड्याला पोट दुखत असेल, शौचाच्या सवयी बदलल्या असतील, तर तो आयबीएस असू शकतो. त्रासदायक, पण आतड्याला इजा न करणारा. मात्र शौचातून रक्त, घटते वजन, ताप किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर थांबू नका. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे आजार इतके सारखे दिसतात, की कोलोनोस्कोपीत तुकडा काढून तपासला तरी कधीकधी पेच सुटत नाही. आणि क्रोन्ससाठी दिलेले स्टेरॉइड क्षयरुग्णाला महागात पडते. डॉक्टरांना न लाजता सांगा : शौच दिवसातून किती वेळा, पातळ की खड्यांसारखी, त्यानंतर कळ थांबते का आणि दुखण्यावर कोणत्या गोळ्या घेतल्या.